परातभर पाला आणि एक लिंबू

(जिल्हा बैठकीत महिला आघाडीच्या वतीनं झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात भावाची चर्चा चालली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे आपला कापूस घरात यायला आणि बाहेरच्या गाठींना दार उघडं व्हायला एकच गाठ पडली. हे सगळं तुम्ही ऐकलंत, त्याबद्दल आमचं मत तुमच्याहून वेगळं नाही. पण जेवणाच्या सुट्टीआधी आम्हाला अर्धा तास दिला आहे आणि आम्ही व्यासपीठावर एक परात, एक लोखंडी तवा, शेगडी आणि पाल्याची टोपली घेऊन आलो आहोत. मागच्या रांगेतले काही भाऊ हसले, ते दिसलं. "बायांना माईक दिला की त्या स्वयंपाकच करणार" असं कुणीतरी म्हणालं, तेही ऐकू आलं. हसा बापा. पण परात रिकामी होईपर्यंत उठू नका.

आज इथं करायचा आहे तो घोळाणा. कुणी घोळणा म्हणतं, कुणी नुसतं "कच्ची भाजी" म्हणतं. कोवळा पाला, त्यावर लिंबाचा रस, थोडं कच्चं तेल आणि वरून भाजलेले तीळ-जवस. एवढंच. शहरातल्या हॉटेलात यालाच ग्रीन सलाद म्हणतात. काचेच्या बशीत चार पानं मांडतात, वर भाजलेलं बी भुरभुरवतात आणि भाजीच्या भावात नाही, बशीच्या भावात विकतात. ते बी म्हणजे आपलं जवस. दुकानात त्याची चिमुकली पाकिटं इंग्रजी नावानं मिळतात. ज्या घरानं जवस पेरायचं सोडलं त्याच घरातला शहरात शिकणारा मुलगा डॉक्टरच्या सांगण्यावरून ते पाकीट विकत घेतो. आमच्यातल्या एकीच्या घरी हे प्रत्यक्ष झालं आहे. ती इथंच बसली आहे, पण हात वर करणार नाही.

हा पाला आपल्या ताटातून गेला कसा, ते आधी पाहू.

आमच्या सासवांच्या काळात ज्वारीच्या वावरात एकटी ज्वारी कधीच नसायची. पुरुष तिफण हाकायचा आणि मागून बाई सरता धरून चालायची. तिच्या ओटीत तूर असायची, मूग असायचा, बरबटी असायची. अंबाडी आणि तीळ असायचेच. रब्बीच्या ज्वारीला कडेनं करडईचा पट्टा, कारण करडईला काटे येतात आणि ढोरं आत शिरत नाहीत. हरभऱ्याच्या कडेला जवस. यातलं काही बाजारात जायचं, बरंचसं घरात राहायचं. कोणत्याही हिशेबाच्या वहीत ते लिहिलेलं नसायचं, म्हणून ते गेलं तेव्हाही कुणी लिहून ठेवलं नाही. आज वावरात कापूस, शेजारी सोयाबीन, आणि ज्वारी असलीच तर रानडुकरांच्या भीतीनं घराजवळच्या तुकड्यात. घरात तेल येतं ते पिशवीतलं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरच्या देशांतून येतं, आणि ज्यांच्या बांधावर तीळ-करडई-जवस होतं तेही त्याच पिशवीच्या रांगेत उभे आहेत.

दुसरं निंदणाचं. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या ओटीत भाजी असायची. घोळ, तांदुळजा, माठ, हिवाळ्यात पाथरी. स्वतःचं वावर नसलेल्या, रोजानं जाणाऱ्या बाईच्या घरची भाजी तर हीच होती. मालकाला ते तण वाटायचं आणि तिला कालवण, म्हणून दोघांचंही भांडण नव्हतं.

मग तणनाशक आलं. इथं आम्ही स्पष्ट बोलतो, कारण उद्या कुणी म्हणायला नको की महिला आघाडी मागं फिरली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं परवानगी नसलेलं, तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं जाहीरपणे लावून सत्याग्रह केला. त्या मागणीच्या बाजूनं आमच्यातल्या कित्येकजणी गावोगाव बोलल्या. कोणतं बियाणं लावायचं ते शेतकऱ्यानं ठरवावं, यात आम्ही एक शब्द बदलत नाही. तणनाशक नको म्हणणाऱ्यांनी आधी दहा दिवस खुरपं धरून वाकून पाहावं, मग आमच्याशी बोलावं. पण खरं आहे ते खरं आहे. फवाऱ्याला तण आणि भाजी यातला फरक कळत नाही. कमरेचा त्रास वाचला आणि ओटी रिकामी झाली, दोन्ही एकाच पंपानं झालं. याचा हिशेब आपण अजून केलेला नाही.

तो हिशेब बायांच्या रक्तात लिहिला आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी शंभरात ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. या मांडवात आपण बाया किती आहोत ते मोजा आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त धरा. कापूस वेचताना दुपारी डोळ्यापुढं अंधारी येते, जिना चढताना छाती भरते, बाळंतपणात रक्त कमी पडतं. आपण म्हणतो, उन्हानं झालं. सगळं उन्हानं होत नाही.

आता लिंबाचं काम सांगतो, कारण लिंबू इथं नुसत्या चवीला नाही. पाल्यात लोह असतं, ज्वारीतही असतं, पण झाडातलं लोह अंगाला सहजासहजी लागत नाही. बरंचसं तसंच बाहेर पडतं. त्याच घासाबरोबर लिंबू, संत्रं, आवळा असं आंबट फळ पोटात गेलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळं तेच लोह जास्त लागतं. हे जीवनसत्त्व आचेवर नासतं. म्हणून भाजी शिजताना पिळलेल्या लिंबाला आंबटपणा राहतो, गुण कमी होतो. लिंबू ताटात पिळायचं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर चहा त्या लोहाला अडवतो. चहा तासाभरानं घ्या. हे भावांनाही सांगतो, कारण घरात चहाची फर्माईश कुणाची असते ते सगळ्यांना माहीत आहे. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करायच्या नाहीत. परातीतला पाला गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे.

आता करायला घेऊ. पाच माणसांचा अंदाज सांगतो.

आधी बी भाजायचं, म्हणजे ते निवतं तोवर पाला निवडून होतो. तवा कोरडा, आच मंद. शेंगदाणे, जवस आणि तीळ एकत्र टाकायचे नाहीत. प्रत्येकाचा वेळ वेगळा आहे. एकत्र टाकले तर दाणे कच्चे राहतात आणि तीळ जळतात. आधी मूठभर शेंगदाणे, सालीवर डाग पडेपर्यंत. मग एक चमचा जवस. ते तडतडतं आणि तव्याबाहेर उडतं, घाबरू नका, हलवत राहा. तडतड ओसरू लागली की उतरवा. जवस कच्चं खायचं नाही, भाजूनच. शेवटी दोन चमचे तीळ. तिळाला क्षणाचा उशीर चालत नाही. रंग जरासा बदलला, वास सुटला, बोटांत चिमटला तर भुगा झाला, की झालं. लगेच ताटात काढा. तव्यातच ठेवून आच बंद केली तर तवा गरम असतो, खालचे तीळ करपतात आणि सगळ्या परातीला कडवटपणा येतो. कारळं असतील तर तिळासारखीच भाजा. काळी असल्यामुळं रंगावर जाऊ नका, वासावर जा.

इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्या घरात सगळ्यात जास्त कोणतं बी असतं? सरकी. एक क्विंटल कापसात ३४-३५ किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. मागच्या खेपेला एका गावात एका पोरीनं विचारलं, मग सरकीच का भाजू नये? प्रश्न हुशारीचा होता. उत्तर, अजिबात नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. गाईम्हशींचं पोट ते बऱ्याच अंशी पचवतं, माणसाचं नाही. बाजारात सरकीचं तेल मिळतं त्यातून ते शुद्धीकरणात काढलेलं असतं. चीनमध्ये काही गावांत लोक कच्चं सरकीचं तेल खात होते, तिथं पुरुषांना मूल होईना, तेव्हा हा गुण उघडकीला आला. मागच्या रांगेतल्या भावांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आता पाला. हे सगळं हिवाळ्याचं काम आहे. पावसाळ्यात पाल्यावर चिखल उडतो, अळ्या-जंत असतात, तेव्हा घोळ-तांदुळजा शिजवूनच खा. हिवाळ्यात मेथी कोवळी असते, कांद्याची पात असते, मुळ्याचा कोवळा पाला असतो. करडईची विरळणी करतो तेव्हा उपटलेली रोपं फेकू नका. काटे धरायच्या आधीचा तो पाला कच्चा खायला उत्तम. हरभऱ्याचे शेंडे खुडतो, खुडल्यानं फांद्या जास्त फुटतात म्हणून खुडतोच, तेही यात येतात. हरभऱ्याच्या पाल्यावर स्वतःचीच आंब असते. आमच्या आज्या पहाटे दवात हरभऱ्यावर पातळ फडकं फिरवायच्या आणि ते पिळून आंब बाटलीत भरायच्या, पोटदुखीवर. म्हणून हरभरा जास्त असेल तर लिंबू अर्धंच घ्या, नाहीतर दात आंबतात. पाथरी गव्हाच्या, हरभऱ्याच्या रानात आपोआप उगवते. हुरड्याबरोबर आपण ती खातोच, फक्त तिला मान देत नाही.

चार ओंजळी पाला घ्या. दोन-तीन पाण्यातून धुवा, त्यातलं एक पाणी मिठाचं. मग फडक्यावर पसरून कोरडा करा. ओला पाला असला की तेल आणि रस पानाला धरत नाही, सगळं परातीच्या तळाला जमतं. नहाणीच्या पाण्यावर वाढलेली भाजी कच्ची खायची नाही, ती शिजवा. मेथीची पानं अख्खी ठेवा, बाकीचं जाडसर चिरा. विळीवर फार बारीक चिरलं की लगदा होतो. अळू कच्चं चालत नाही, घसा खवखवतो. ज्यांना मुतखडा आहे त्यांनी पालक, चाकवत, घोळ कच्ची फार खाऊ नये.

रसाला एक कागदी लिंबू आणि एक बारीक संत्रं. संत्रं कशाला? एक तर मेथी-पाथरीचा कडवटपणा नुसत्या लिंबानं जात नाही, थोडा गोडवा लागतो. संत्रं नसेल तर गुळाचा खडा विरघळवा. दुसरं असं की हिवाळ्याच्या तोंडाला आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात. वरुड-मोर्शीकडचे आपले भाऊ सांगतील, बारीक फळाला व्यापारी हात लावत नाही. आपलं संत्रं बांगलादेशात जायचं. त्यांनी २०१९ नंतर आयात शुल्क वर्षावर्षाला वाढवत नेलं आणि तो रस्ता आक्रसला. ते फळ रस्त्याच्या कडेला ओतून निषेध करायचा त्या दिवशी जरूर करू. एरवी ते कोरडवाहू भावाच्या घरी पोचलं तर दोघांचंही भलं आहे. पिशवीभर संत्र्यांना पिशवीभर ज्वारी, असा व्यवहार आमच्या दोन गावांत दोन हिवाळे चालला आहे. त्याला ना दलाल लागला ना काटा.

रसात दोन पाकळ्या लसूण आणि एक हिरवी मिरची ठेचून घाला, चवीपुरतं मीठ घाला. तेल त्यात घालायचं नाही. तेल आधी पाल्यावर. दोन चमचे घाणीचं कच्चं तेल, करडईचं किंवा शेंगदाण्याचं, हातानं हलकेच चोळायचं. तेलाचा हात फिरला की पान तुकतुकीत राहतं आणि मीठ लागल्याबरोबर पाणी सोडत नाही. शिवाय पाल्यातलं, डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगाला नीट लागत नाही. मग जेवायला बसायच्या वेळी रस ओता, खालीवर करा, आणि अगदी शेवटी बी भुरभुरवा. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही बैठकीच्या तासभर आधीच सगळं कालवून ठेवलं होतं. वाढायला घेतलं तर परातीत हिरवं पाणी, त्यात बुडालेली मेथी आणि भिजून फुगलेलं, बुळबुळीत जवस. अध्यक्ष भले माणूस, एक घास खाऊन म्हणाले, "औषध चांगलं आहे." त्या दिवसापासून आम्ही कालवणं शेवटी करतो.

आता ज्या गोष्टीसाठी खरं म्हणजे माईक मागितला ती गोष्ट. पाला कुठून आणायचा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका बहिणीनं तुरीच्या कडेची मेथी खुडून घरी नेली. आदल्या दिवशी शेजारच्यानं तुरीवर अळीचं औषध मारलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं असतं हे शेजाऱ्याच्याही मनात आलं नव्हतं. रात्री दोन्ही पोरांना उलट्या. तालुक्याला नेलं, वाचली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. ते विष नाकातून, कातडीतून अंगात गेलं. तेच विष कच्च्या पाल्यावरून पोटात जाऊ शकतं आणि धुतल्यानं सगळं जात नाही. काही औषधं पानाच्या आतच असतात. त्यामुळं कच्चा पाला खा असं सांगून आम्ही खाली बसलो तर ते पाप आमच्या माथी येईल.

शरद जोशींनी १९९१ मध्ये शेगावला चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. व्यापार आणि निर्यात आपल्याला तोंडपाठ झाली. सीताशेती म्हणजे घरच्या बाईच्या हातात जमिनीचा एक तुकडा, तिच्या अकलेनं, विकतच्या खता-औषधांवाचून. त्याआधी नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला लाखांनी बाया जमल्या होत्या आणि त्यांनी बरोबरीचा हक्क मागितला होता. आमच्यातल्या थोरल्या त्या मांडवात होत्या. त्या म्हणतात, ठराव झाले, टाळ्या झाल्या, सातबाऱ्यावर काहींची नावंही लागली, पण फवारणी कुठं करायची नाही हे ठरवायचा हक्क अजून घरात मागावा लागतो.

म्हणून आमचं मागणं लहान आहे. विहिरीजवळचा किंवा घराकडचा, वाऱ्याच्या वरच्या अंगाचा, वावराचा एक कोपरा. पाच गुंठे असले तर पुरे, दोन असले तरी चालेल. त्यात मेथी, मुळा, कांदा, करडई, जवस. पावसाळ्यात तिथंच दोन तासं तिळाची. कडेला एक कागदी लिंबाचं झाड. आपलं वावर आणि तो कोपरा यांच्यामध्ये तुरीच्या चार ओळी आडोशाला, आणि त्या चार ओळींवरही औषध नाही. पंप पाठीवर घेण्याआधी घरी आणि शेजारी सांगायचं, कोणतं औषध, कोणत्या वावरात. बाटलीवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, ते वाचून सांगायचं. बाकीच्या वावरात तुम्ही काय पेरता, काय मारता, त्यात आम्ही हात घालत नाही. रोजानं येणाऱ्या बाईनं त्या कोपऱ्यातली भाजी निंदली तर ओटीभर घरी न्यावी, हा जुना रिवाज तिथं तरी परत सुरू करावा.

कुणी म्हणेल, पाच गुंठे कापूस कमी झाला तर? झाला कमी. ज्या भावानं तो आज जातो आहे त्या भावात पाच गुंठ्यांच्या कापसातून किती उरतं ते तुम्हीच सकाळी आकड्यांसकट सांगितलंत, आम्ही लिहून घेतलं आहे.

पाला आता कालवून झाला आहे. भाकरी मागच्या चुलीवर होते आहे, ज्वारी इथल्याच चार घरची. परात डाव्या बाजूनं निघेल आणि मागच्या रांगेपासून सुरू होईल, कारण हसले ते तिथले. संत्र्याच्या बिया राहून गेल्या असतील तर कडू लागतील, थुंकून टाका. जाताना मांडवाच्या दाराशी करडईच्या आणि देशी तिळाच्या पुड्या ठेवल्या आहेत. एका घराला एक पुडी, आणि ती बाईच्याच हातात देणार आहोत. बाई सोबत नसेल तर नाव लिहून ठेवा, पुढच्या बैठकीला तिला घेऊन या, तेव्हा मिळेल.